गाडी लिलावात जाण्यापूर्वी

व्यापारी बंधूंनो, टेम्पो अडकला की माल अडकतो आणि धंदा थांबतो. पण अडकलेली गाडी लगेच लिलावात जात नाही. मधे बरेच टप्पे असतात आणि मालकाला गाडी सोडवण्याची संधी मिळते. ती कशी, हे समजून घेऊ.

प्रथम गाडी कोणत्या कारणाने अडकली ते पाहावे. मनाई असलेल्या जागी उभी केलेली किंवा सार्वजनिक जागेत १० तास वा अधिक बेवारस सोडलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ मध्ये ही तरतूद आहे. दंड व उचलण्याचा खर्च भरून अशी गाडी सुटते.

नोंदणी किंवा परमिट नसल्यास कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेतली जाते. मालकाने कागदपत्रांसह अर्ज करावा. तपासणीनंतर अधिकारी गाडी सोडू शकतात. कर थकला असेल तर आपल्या जिल्ह्यात ओरोसच्या आरटीओ कचेरीत जावे. तेथे कर व दंड भरला की काम होते. मालक फिरकलाच नाही, तर नोटीस निघते आणि पुढे जाहीर लिलाव होतो.

गुन्ह्यात जप्त झालेली गाडी कोर्टाच्या हुकुमाशिवाय सुटत नाही. गाड्या पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षे गंजत ठेवू नयेत; पंचनामा व फोटो करून, जामीनकतबा घेऊन त्या सोडाव्यात, असे सुप्रीम कोर्टाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ साली सांगितले. मालक, विमा कंपनी वा अन्य कोणी हक्क सांगितला नाही, तर कोर्ट लिलावाचा हुकूम देऊ शकते. मालकाचा पत्ताच लागत नसेल, तर जाहीरनामा काढून हक्क सांगण्यास ६ महिन्यांची मुदत देता येते. ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे.

आपल्या भागात गोव्याची हद्द जवळ. ड्रायव्हरने मालाआड दारू लपवली आणि इन्सुली नाक्यावर ती सापडली, तर दारूबरोबर गाडीही जप्त होते. आपण योग्य खबरदारी घेतली होती, हे मालकाने कोर्टाला पटवून दिले तर दारूबंदी कायद्यानुसार गाडी सरकारजमा होत नाही. म्हणून ड्रायव्हरला लेखी ताकीद द्यावी, मालाची यादी व चलन जपून ठेवावे.

आता मुद्द्याची गोष्ट. नोटीस जाते ती आर.सी. बुकावरच्या नावाने आणि पत्त्यावर. मी एकदा जुना टेम्पो ओळखीच्या भरवशावर, फॉर्मवर सह्या करून विकला. घेणाऱ्याने नाव बदललेच नाही. चार वर्षांनी थकीत कराची नोटीस माझ्या दुकानी आली आणि पैसे मलाच भरावे लागले. चूक माझीच होती. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात गाडी विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणे हे विकणाऱ्याचे काम आहे. घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवून घ्यावे. पत्ता बदलला तरी ३० दिवसांत कळवावे.

कापडाच्या ताग्यावर आपण खूणचिठ्ठी लावतो, ती हरवली तर ताग्याचा धनी कोण हे कळत नाही. आर.सी. बुक ही गाडीची खूणचिठ्ठी आहे. आजच काढून त्यावरचे नाव व पत्ता वाचून पाहा.