ऐनवेळचा विषय: अध्यक्षांची उचलबांगडी

24 ऑक्टोबर 2016, सोमवार दुपार. मुंबईच्या फोर्ट भागातल्या बॉम्बे हाउसमध्ये टाटा सन्सच्या संचालक मंडळाची बैठक भरायची होती. त्याआधी काही मिनिटे रतन टाटा आणि संचालक नितीन नोहरिया अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या दालनात गेले. स्वतःहून राजीनामा द्या, नाहीतर बैठकीत तुम्हाला हटवण्याचा ठराव येईल, असा निरोप होता. मिस्त्रींनी नकार दिला. ठराव आला आणि बहुमताने मंजूरही झाला.

विषयपत्रिकेत या ठरावाचा उल्लेख नव्हता. तो शेवटच्या ‘इतर विषयां’मध्ये मांडला गेला. गृहनिर्माण सोसायटीच्या सभेची नोटीस ज्यांच्या दारावर चिकटते त्यांना ही ओळ पाठ असते: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’. इथे ऐनवेळचा विषय खुद्द अध्यक्षच होते.

त्याच दिवशी पत्रक निघाले. मिस्त्रींच्या जागी रतन टाटा हंगामी अध्यक्ष, नवा अध्यक्ष शोधायला पाच जणांची समिती, तिला चार महिन्यांची मुदत. जवळपास चार वर्षे दीडशे वर्षांच्या उद्योगसमूहाची धुरा वाहणाऱ्या माणसाला का काढले, यावर अवाक्षर नाही.

ती रिकामी जागा मिस्त्रींनीच भरली. दुसऱ्या दिवशी त्यांनी संचालकांना लिहिलेला ई-मेल लगोलग माध्यमांच्या हाती पडला. आपल्याला मोकळेपणाने काम करू दिले गेले नाही, बाजू मांडायची संधी मिळाली नाही आणि समूहाला 1.18 लाख कोटी रुपयांची मूल्यघट सोसावी लागू शकते, असे त्यात होते. टाटा सन्स स्वतः शेअर बाजारात नोंदलेली नाही, पण तिच्या कंपन्या आहेत. शेअर बाजारांनी त्यांच्याकडे खुलासे मागितले. टाटा सन्सचे सविस्तर निवेदन 10 नोव्हेंबरला आले. तोवर लोकांनी आपापली कारणे ठरवून टाकली होती.

शिवाय काम अर्धेच झाले होते. अध्यक्षपद मंडळ देते आणि मंडळच काढून घेऊ शकते. संचालकपद मात्र भागधारकांच्या हाती असते. 2013च्या कंपनी कायद्याच्या कलम 169नुसार संचालकाला मुदतीआधी काढायचे तर विशेष सूचना द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि मग सर्वसाधारण सभेत साध्या बहुमताचा ठराव लागतो. त्यामुळे बॉम्बे हाउसमधून पायउतार झालेले मिस्त्री समूहातल्या कंपन्यांच्या मंडळांवर कायम होते. इंडियन हॉटेल्सच्या स्वतंत्र संचालकांनी तर 4 नोव्हेंबरला त्यांना जाहीर पाठिंबा दिला. मग एकेका कंपनीची विशेष सभा बोलावणे आले. टीसीएसच्या 13 डिसेंबरच्या सभेत 93 टक्क्यांवर मते त्यांच्या विरोधात पडली. तिथे टाटा सन्सचाच वाटा सुमारे 73 टक्के होता, तेव्हा निकालाची उत्सुकता कुणाला असणार! 19 डिसेंबरला मिस्त्रींनी उरलेल्या कंपन्यांचे राजीनामे दिले. टाटा सन्सच्या मंडळावरून त्यांना 6 फेब्रुवारी 2017ला हटवले गेले. अध्यक्षपद एका दुपारी गेले, संचालकपद जायला साडेतीन महिने लागले. न्यायालयीन लढाई त्याहून लांबली. 2019च्या डिसेंबरात अपिलीय न्यायाधिकरणाने मिस्त्रींच्या बाजूने कौल दिला; 26 मार्च 2021ला तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने तो फिरवून टाटा सन्सची कृती वैध ठरवली.

इतके रामायण टाळायचे म्हणून बहुतेक मंडळे राजीनाम्याचा आडपडदा पसंत करतात. पदाधिकारी ‘वैयक्तिक कारणास्तव’ जातो, मंडळ त्याच्या योगदानाबद्दल आभार मानते, शेअर फार गडगडत नाही. बाजार नियामक सेबीने ही पळवाट जरा अरुंद केली आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या मंडळाच्या बैठकीत असा निर्णय झाला तर बैठक संपल्यापासून तीस मिनिटांत तो शेअर बाजाराला कळवावा लागतो. बैठक बाजार बंद झाल्यावर संपली तर तीन तासांत. 2023पासून वरिष्ठ अधिकाऱ्याचे राजीनामापत्रही बाजाराकडे सादर करावे लागते. पत्रात खरे कारण लिहावे अशी सक्ती मात्र कशी करणार?

निरोप देऊन झाल्यावर त्याचे स्वरूप बदलता येते, हे आयसीआयसीआय बँकेने दाखवले. व्हिडिओकॉन समूहाच्या कर्जावरून आरोप झाले तेव्हा, 28 मार्च 2018ला, मंडळाने मुख्य कार्यकारी अधिकारी चंदा कोचर यांच्यावर पूर्ण विश्वास जाहीर केला. ऑक्टोबरमध्ये त्यांची मुदतपूर्व निवृत्ती मंजूर झाली. जानेवारी 2019मध्ये न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा चौकशी अहवाल आला आणि बँकेने तीच निवृत्ती सकारण बडतर्फी मानली. जुने बोनस परत मागितले, न वापरलेले शेअर पर्याय रद्द केले. कोचर यांनी आरोप नाकारले आणि त्या न्यायालयात गेल्या.

कारण थोडक्यात सांगितले तरी निभावते असे नाही. ओपनएआयच्या मंडळाने 17 नोव्हेंबर 2023ला मुख्य कार्यकारी अधिकारी सॅम ऑल्टमन यांना काढताना, ते मंडळाशी बोलताना सातत्याने मोकळेपणा ठेवत नाहीत, एवढेच म्हटले. तपशील नाही, पुरावा नाही. सुमारे 770 कर्मचाऱ्यांपैकी सातशेहून अधिक जणांनी कंपनी सोडण्याची धमकी दिली. आठवडाही पुरा व्हायच्या आत ऑल्टमन परतले आणि त्यांना काढणाऱ्यांपैकी बहुतेकांनाच मंडळ सोडावे लागले.

उलट मॅकडोनाल्ड्सने कारण सांगितले होते. 2019च्या नोव्हेंबरात मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीव्ह ईस्टरब्रुक यांना कर्मचारी महिलेशी असलेल्या संबंधांवरून काढल्याचे जाहीर झाले. कागदावर मात्र ती ‘विनाकारण’ बडतर्फी ठरवली, कारण त्यामुळेच त्यांना कोट्यवधी डॉलर देता येत होते. पुढे आणखी संबंध उघड झाले, कंपनी कोर्टात गेली आणि 2021मध्ये ईस्टरब्रुक यांनी साडेदहा कोटी डॉलरहून अधिक किमतीची रोख रक्कम आणि शेअर परत केले. 2023मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने त्यांना चार लाख डॉलरचा दंड ठोठावला. त्याच आदेशात कंपनीवरही ठपका आहे: ही बडतर्फी विनाकारण मानण्यात मंडळाने आपला स्वेच्छाधिकार वापरला, हे तिने भागधारकांना सांगितलेच नव्हते.