टँकची भिंत सुटल्यावर

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१९मध्ये भारतातली पहिली ‘आयर्नमॅन ७०.३’ ट्रायथलॉन झाली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणं. या स्पर्धेकडे वळणारे बहुतेक जण सायकल चालवत असतात, धावतही असतात. अडतं ते पोहण्यापाशी. पोहण्याचा कटऑफ सत्तर मिनिटांचा, म्हणजे शंभर मीटरला सुमारे ३ मिनिटं ४१ सेकंद. नियमित सराव करणाऱ्याला टँकमध्ये हा वेग जड नाही. तरीही टँकमध्ये दोन किलोमीटर आरामात काढणारी माणसं समुद्रात पहिल्या शंभर मीटरांतच थबकतात. कारण टँक आपल्याला न मागता बरंच काही देत असतो: हाताशी भिंत, तळावरची काळी रेषा, स्वच्छ दिसणारा तळ, स्वतःपुरती लेन. समुद्रात यातलं काहीच नसतं. त्यामुळे नुसतं अंतर वाढवत नेण्याला मी तयारी म्हणणार नाही. यातल्या एकेका गोष्टीवाचून पोहायला शिकावं लागतं.

भिंतीचा हिशेब आधी करू. २५ मीटरच्या टँकमध्ये १.९ किलोमीटर म्हणजे ७६ फेऱ्या आणि ७५ वळणं. प्रत्येक वळणावर पायानं भिंत ढकलली की चार मीटर तरी फुकट मिळतात. म्हणजे जवळजवळ तीनशे मीटर अंतर तुम्ही हात न मारता कापलेलं असतं, शिवाय दर वळणाला क्षणभर विसावा मिळालेला असतो तो वेगळाच. यावर उपाय सोपा आहे. टँक रिकामा असेल तेव्हा भिंतीच्या दोन मीटर अलीकडेच वळायचं, भिंतीला हात-पाय लावायचा नाही. अशा सलग चारशे मीटरनी सुरुवात करा. खांदे वेगळेच दुखतील, पण दम कसा वाटून घ्यायचा हे कळेल.

आता श्वास. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण पाण्यात उडणारी घाबरगुंडी बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. गार पाण्याचा पहिला स्पर्श, आजूबाजूची धडपड आणि मनातली धास्ती यांनी श्वास उथळ होतो. पोहणारा घाईघाईनं हवा आत घेतो, पण आधीची पूर्ण बाहेर सोडत नाही. छातीत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि त्यामुळेच गुदमरल्यासारखं वाटतं. मग माणूस आणखी हवा ओढायला डोकं वर काढतो, पाय बुडतात, तोंडात खारं पाणी जातं. हे चक्र तोडायचं तर पाण्याखाली उच्छ्वास पूर्ण आणि सतत हवा. तोंड पाण्यात गेल्या क्षणापासून नाकातोंडातून बुडबुडे सोडत राहायचे. मग मान वळवल्यावर फक्त आत घ्यायचं काम उरतं. टँकच्या उथळ बाजूला उभं राहून नुसतं हेच दहा मिनिटं रोज करा. श्वास दोन्ही बाजूंनी घेता यायला हवा, कारण लाट उजवीकडून येत असेल तर डावीकडेच तोंड वळवावं लागतं.

आणि तरीही घाबरलात तर? पाठीवर वळायचं, हात पसरायचे, आभाळाकडे बघत लांब उच्छ्वास सोडायचे. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड असतं, ते तुम्हाला अधिक वर धरतं. ट्रायथलॉनच्या नियमांत फ्रीस्टाइलची सक्ती नाही. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, पाठीवर पोहणं चालतं, आणि बचावाच्या कयाकला धरून विश्रांती घेतलेलीही चालते, फक्त तिच्या मदतीनं पुढे सरकायचं नाही. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ जण उगाच जिवाचा आटापिटा करतात.

ज्यांनी लहानपणी पाठीला डबा बांधून गावच्या विहिरीत किंवा नदीत पोहायला सुरुवात केली, त्यांना तळ न दिसण्याचं भय वाटत नाही. ही त्यांची फार मोठी शिदोरी आहे. शहरातल्या निळ्या टँकमध्ये शिकलेल्यांना मात्र गढूळ पाण्याची सवय मुद्दाम करावी लागते. पावसाळा नुकताच सरलेला असताना मिरामारला, जिथे मांडवी समुद्राला मिळते तिथे, स्वतःचा पुढे टाकलेला हातही धूसर दिसू शकतो. टँकमध्ये डोळे मिटून दहा-बारा हात मारून पाहा. मजेची गोष्ट अशी की यातून तुमचा कल कुठे आहे तेही कळतं. बहुतेकांचा एक हात जास्त जोर लावतो आणि डोळे उघडावेत तर आपण शेजारच्या दोरीला टेकलेले असतो. समुद्रात तिथे दोरी नसते, आपण तसेच वाकडे जात राहतो.

म्हणून दिशा. प्रशिक्षक ज्याला ‘मगरीचे डोळे’ म्हणतात ते हेच: हात पुढे जाताना फक्त डोळे पाण्याबाहेर काढायचे, समोर बघायचं आणि लगेच मान बाजूला वळवून श्वास घ्यायचा. बघणं आणि श्वास वेगळे ठेवले की डोकं फार वर येत नाही आणि कंबर बुडत नाही. दर आठ-दहा हातांनी एकदा पुरे. फक्त मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या बोयाकडे बघू नका, लाटेआड तो दिसेनासा होतो. त्याच्या मागे किनाऱ्यावरचं काहीतरी उंच हेरा: एखादी इमारत, टेकडीचं टोक, माडाचा उंच शेंडा. आपला किनारा पश्चिमेचा. सकाळी बाहेर जाताना सूर्य पाठीशी असतो, परतताना थेट डोळ्यांत येतो. गडद काचेचा गॉगल त्यासाठी घ्यायचा. पाण्यात उतरण्याआधी, परतताना किनारा कसा दिसेल हे वळून पाहून ठेवायचं.

समुद्रात जायचं कधी, याचं उत्तर कोकणातल्या माणसाला कॅलेंडर बघून देता येतं. तिथीला पाऊणनं गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, दशमीला साडेसातला. आणि ओहोटी त्यानंतर सहाएक तासांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती. पाणी उंच चढतं, खोल उतरतं, आणि त्याची ओढही जबर असते. अष्टमीच्या मागेपुढे भांगाची भरती असते, तिचा जोर कमी. नवख्यानं नवमी-दशमीची सकाळ निवडावी, असं मी आग्रहानं सांगेन. पाणी भरत आलेलं असतं, ओढ मंद असते आणि असते ती किनाऱ्याकडे. पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघायचीच, कारण जागेनुसार फरक पडतो. मुंबईत उधाणाला पाण्याची पातळी चार-पाच मीटरनी वर-खाली होते, गोव्याकडे दोनेक मीटरच. आणि तक्ता बघितला तरी किनाऱ्यावर जाळी आवरत बसलेल्या मच्छीमाराला विचारल्याशिवाय उतरू नये. तिथली ओढ, खडक आणि त्या आठवड्यात जेलिफिश आले आहेत का, हे तोच सांगू शकतो.

एकट्यानं कधीही जायचं नाही. पावसाळ्यात तर नाहीच. कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधा. होडीवाल्याला तुम्ही दिसता आणि दमलात तर त्याला धरता येतं. पोहायचं किनाऱ्याला समांतर, छाती-गळ्याएवढ्या पाण्याच्या जरा पलीकडे. परतणाऱ्या पाण्याच्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नका, आडवं पोहत ओढीबाहेर या आणि मग वळा. वाळूत चालताना पाय उचलून न टाकता घासत न्या, म्हणजे वाळूत दडलेली पाकट आधीच निघून जाते. जेलिफिश डसला तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चोळू नका. मानेला आणि काखेला व्हॅसलिन लावायला विसरू नका, मिठानं कातडी सोलवटते.

अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास झाला. नोंदलेल्या १३५ घटनांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यातल्या होत्या. चाळिशी ओलांडलेल्यांनी नाव नोंदवण्याआधी हृदयतपासणी करून घ्यावी, ती याचसाठी. थेट ७०.३ला भिडण्यापेक्षा ७५० मीटर पोहण्याची स्प्रिंट ट्रायथलॉन आधी करावी, किंवा मालवणच्या चिवला किनाऱ्यावर भरणाऱ्या समुद्री जलतरण स्पर्धेत छोटं अंतर पोहून बघावं.

वेटसूट विकत घेण्याची घाई नको. पाणी २४.५ अंशांच्या वर असेल तर आयर्नमॅनमध्ये तो सहसा चालत नाही, आणि आपला समुद्र त्याहून उबदार असतो. तो पैसा चांगल्या प्रशिक्षकावर खर्च करा.

गर्दीची सवय मित्रांसोबतच होते. एका लेनमध्ये चौघांनी एकदम सुटायचं, एकमेकांचे हात-पाय लागू द्यायचे. पुढच्याच्या पायांमागे राहून पोहण्याला मुभा आहे आणि त्यानं बरीच शक्ती वाचते. फक्त तो सरळ जातोय ना, हे अधूनमधून स्वतः बघायचं. स्पर्धेच्या दिवशी आपल्या वेगाच्या गटात, कडेला उभं राहा. सुटण्याआधी तोंडावर पाणी मारून, कंबरभर पाण्यात बुडबुडे सोडून श्वास लावून घ्या, आणि पहिले दोनशे मीटर मुद्दाम सावकाश काढा.

शेवटच्या शंभर मीटरांत पाय जरा जोरानं मारा, म्हणजे रक्त पायांकडे वळतं. पाणी गुडघाभर दिसलं तरी उभं राहू नका. हात दोनदा वाळूला लागेपर्यंत पोहत या. इतका वेळ आडवं राहिल्यावर एकदम उठलं की डोकं गरगरतं. चार पावलं चाला, गॉगल कपाळावर घ्या, आणि मग सायकलकडे पळा.