गर्दीतली सायकल

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही मुलांशी विज्ञानाच्या गप्पा मारायला गेलो होतो. आठवीच्या पुढच्या कितीतरी मुली तिथे सायकलने येतात. काहींच्या सायकली मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या, काहींच्या थोरल्या भावाच्या. वाट तीन-चार किलोमीटरची. त्यातला शेवटचा किलोमीटर बाजाराचा आहे. हातगाड्या, दुकानांपुढे थांबलेली माणसं, रस्त्यातच बोलत उभ्या राहिलेल्या बाया, आणि या सगळ्यातून वाट काढणाऱ्या मोटरसायकली.

आदल्याच आठवड्यात तिथे एका मुलीच्या सायकलचा धक्का लागून एक म्हातारी बाई पडली होती आणि तिचं मनगट मोडलं होतं. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांना बजावलं, की बाजारातून सायकल हळू चालवायची. त्यावर नववीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, हळू चालवली का ती जास्तच डोलते. जोरात चालवली तर सरळ जाते."

मुख्याध्यापकांना हे उलट उत्तर वाटलं. आम्हांला ते उत्तम निरीक्षण वाटलं. मुलगी सांगते ते खरं आहे, आणि सर सांगतात तेही खरं आहे. मग या दोन खऱ्या गोष्टींचा मेळ कसा घालायचा?

आम्ही स्वतः या बाबतीत साळसूद नाही, हेही सांगून टाकलेलं बरं. 2022 साली मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते थोडा वेळ वाहनांना बंद ठेवून चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना आणि मुलांना मोकळे करून दिले होते. मरीन ड्राइव्ह त्यांपैकीच एक. एका बाजूला समुद्र, मोकळी हवा, आणि आमच्या हाती मित्राची बारीक टायरची, वाकड्या हँडलची शर्यतीची सायकल. अशा सायकलचं टायर जेमतेम 25 मिलिमीटर रुंद असतं आणि हवा इतकी कडक भरलेली असते, की चाक जमिनीवर फारसं दबतच नाही. त्यामुळे पाय हलवले न हलवले तोच वेग 25 किलोमीटरवर जातो. तसा तो गेला. पुढून चालणारे एक आजोबा अचानक समुद्राकडे वळले. आम्ही ब्रेक दाबले, सायकल त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त पाहत राहिले. ते पाहणं अजून लक्षात आहे. घरी येऊन आम्ही कागद-पेन्सिल घेतली. तेच गणित आम्ही मंगरूळपीरच्या त्या वर्गात फळ्यावर मांडलं.

समोर काही दिसल्यापासून सायकल थांबेपर्यंतच्या अंतराचे दोन भाग असतात. पहिला भाग विचाराचा. डोळ्यांनी पाहायचं, मेंदूने ठरवायचं, बोटांनी ब्रेक दाबायचा, आणि तोवर सायकल आपल्या वेगाने पुढे जातच असते. वर्गात आपण फुटपट्टी सोडून पकडण्याचा खेळ करतो. पट्टी 20 सेंटिमीटर खाली आल्यावर हाती लागली तर प्रतिक्रियेला 0.2 सेकंद लागला असं गणित येतं. पण तिथे आपण डोळे लावून बसलेले असतो आणि काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. रस्त्यावर तसं नसतं. समोरचा माणूस वळणार की थांबणार याचा अंदाज घेण्यातच वेळ जातो. म्हणून इथे एक सेकंद धरणं शहाणपणाचं.

दुसरा भाग प्रत्यक्ष ब्रेकचा. कोरड्या डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लागले तर सायकलचा वेग दर सेकंदाला 3 मीटर प्रति सेकंद एवढा कमी होतो असं धरू. वेगाच्या वर्गाला या मंदनाच्या दुपटीने भागलं की अंतर मिळतं. हे सूत्र नववीच्या गतीच्या धड्यात आहेच.

आता आकडे घालू. ताशी 10 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 2.8 मीटर. विचारात 2.8 मीटर गेले, ब्रेकमध्ये 1.3 मीटर. एकूण सुमारे 4 मीटर. ताशी 20 किलोमीटरला विचाराचं अंतर दुप्पट, म्हणजे 5.6 मीटर, पण ब्रेकचं अंतर चौपट, 5.1 मीटर. बेरीज 10.7 मीटर. 25 किलोमीटरला ती 15 मीटर होते आणि 30 ला जवळजवळ 20 मीटर. वेग तिप्पट झाला आणि थांबण्याचं अंतर पाचपट. मरीन ड्राइव्हवर आमचे आजोबा 15 मीटरच्या आतच वळले असावेत. आम्ही वाचलो ते ब्रेक नेमाने जपलेले होते म्हणून, आणि बाकी नशिबाने.

हे आकडे चांगल्या ब्रेकचे आहेत. खेड्यातल्या सायकलींचा पुढचा ब्रेक पुष्कळदा सुटलेला असतो किंवा मुद्दाम सोडवून ठेवलेला असतो, कारण पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून उलटतो अशी समजूत आहे. समजुतीत तथ्य आहे, पण अर्धंच. स्वार आणि सायकल यांचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे 1.1 मीटर उंच असतो, आणि पुढचं चाक जमिनीला टेकतं तिथून सुमारे 0.6 मीटर मागे. या दोन अंतरांच्या गुणोत्तरावरून उलटण्याची मर्यादा निघते. मंदन गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याहून थोडं जास्त, म्हणजे सुमारे 5.3 झालं तर मागचं चाक उचललं जाईल. आपण तर 3 च धरलं आहे. उलट नुसता मागचा ब्रेक लावला तर काय होतं? ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर सरकतो, मागचं चाक हलकं होतं आणि घसरू लागतं. त्यामुळे एकट्या मागच्या ब्रेकने फार तर सव्वादोनपर्यंतच मंदन मिळतं. ब्रेकचे रबर झिजलेले असतील आणि मंदन दीडच मिळत असेल, तर 20 किलोमीटर वेगाला थांबायला 16 मीटर लागतील. पावसात लोखंडी रिम ओली असते, रबर आधी पाणी पुसतं आणि मग पकडतं. मागे कॅरिअरवर मैत्रीण बसली असेल तर थांबवायचं वस्तुमान वाढतं, बोटांचा जोर मात्र तेवढाच राहतो.

आणि रस्त्यावर काय पडलं आहे तेही पाहावं लागतं. गिरगाव चौपाटीजवळ वाऱ्याने आलेली वाळू टायर आणि रस्ता यांच्यामध्ये छऱ्यांसारखी फिरते. वाशीमला समुद्र नाही, पण सोयाबीन आहे. हंगामात रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेलं असतं. त्याचा गोल दाणा बेअरिंगमधल्या गोळीसारखाच वागतो. अशा जागी ब्रेक दाबणं आणि वळणं ही दोन्ही कामं एकदम करू नयेत.

आता त्या मुलीच्या बाजूने बोलू.

सायकल उभी कशी राहते हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. फिरणारी चाकं भोवऱ्यासारखी असतात म्हणून ती पडत नाही, असं पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलं असतं. 1970 साली डेव्हिड जोन्स नावाच्या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने पुढच्या चाकाशेजारी उलट दिशेने फिरणारं दुसरं चाक बसवून भोवऱ्याचा परिणाम जवळजवळ पुसून टाकला. तरी सायकल चालवता आली. 2011 मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी तर भोवऱ्याचा परिणाम आणि पुढचं चाक हँडलच्या अक्षरेषेच्या थोडं मागे जमिनीला टेकण्याचा परिणाम या दोन्हींचा आधार काढून घेतलेली सायकल बनवली, आणि ढकलून दिल्यावर तीही स्वतःला सावरत गेली. खरी गोष्ट अशी, की सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल वळतं, चाकं शरीराच्या खाली येतात आणि तोल परत मिळतो. तळहातावर काठी उभी धरताना आपण हात जसा काठीखाली सरकवत राहतो, तसंच.

चाकं खाली आणण्याची ही क्षमता वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वळणावरचं त्वरण वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने भागून मिळतं. वेग निम्मा केला तर तेवढ्याच त्वरणासाठी त्रिज्या एक चतुर्थांश करावी लागते, म्हणजे हँडल चौपट वळवावं लागतं. वेग एक तृतीयांश केला तर नऊपट. हळू सायकल डोलते ती यामुळे. गॅदरिंगमध्ये हळू सायकल चालवण्याची स्पर्धा असते, तिथे शेवटपर्यंत टिकणाऱ्या मुलाचं हँडल पाहा. ते कानापर्यंत डावी-उजवीकडे फिरत असतं आणि सायकल नागमोडी जात असते. 2007 साली एका नमुना सायकलचं सविस्तर गणित प्रसिद्ध झालं. त्या गणितात स्वार हँडलला हात न लावता नुसता ताठ बसला तर ताशी सुमारे 15 ते 22 किलोमीटर या वेगात सायकल आपोआप तोल सावरते. त्याखाली स्वाराला सतत काम करावं लागतं. "जोरात चालवली तर सरळ जाते" असं म्हणणाऱ्या मुलीने हे गणित न करताच ओळखलं होतं.

म्हणजे पेच असा आहे. सायकलला ज्या वेगाला सोयीचं वाटतं त्या वेगाला ती थांबायला सात ते बारा मीटर घेते. माणसांच्या गर्दीत एवढं अंतर मोकळं सापडत नाही.

किती सापडतं? समजा बाजाराच्या रस्त्यावर सरासरी दर 10 मीटरला एक माणूस आहे, म्हणजे किलोमीटरला 100. निम्मे आपल्या दिशेने, निम्मे समोरून, सगळे ताशी 5 किलोमीटरने चालणारे. आपण 20 च्या वेगाने गेलो तर आपल्या दिशेच्या 50 जणांशी सापेक्ष वेग 15 आणि समोरच्या 50 जणांशी 25. तासाला 750 अधिक 1250, म्हणजे 2000 माणसं ओलांडली जातात. दर 1.8 सेकंदाला एक. आता 10 च्या वेगाने जाऊ. 250 अधिक 750, तासाला 1000 माणसं. दर 3.6 सेकंदांना एक. गंमत पुढे आहे. पहिल्या वेळी एक किलोमीटर 3 मिनिटांत संपतो आणि दुसऱ्या वेळी 6 मिनिटांत. दोन्ही वेळा ओलांडलेली माणसं शंभरच! जोरात गेल्याने गर्दी लवकर संपते, कमी होत नाही. प्रत्येक माणसासाठी मिळणारा वेळ मात्र निम्मा होतो. एक सेकंद नुसता विचारात जाणार असेल तर 1.8 सेकंदात उरतं काय? आणि दोन माणसांमधलं अंतर 10 मीटर असताना आपल्याला थांबायला 10.7 मीटर हवे आहेत. 10 च्या वेगाला 4 मीटर पुरतात.

हा हिशेब आम्ही मांडला तेव्हा वर्ग थोडा गप्प झाला. धक्का लागलाच तर तो किती बसतो, हेही मग सांगावं लागलं. मुलगी, दप्तर आणि सायकल मिळून 75 किलो धरले तर 25 किलोमीटर वेगाला गतिज ऊर्जा सुमारे 1800 जूल होते, 10 ला 290. पहिला वेग अडीच मीटर उंचीवरून पडल्यासारखा आहे, दुसरा 40 सेंटिमीटरवरून. ओट्यावरून उडी मारणं आणि घराच्या पत्र्यावरून पडणं यांत जो फरक, तोच हा.

मग किती वेग ठेवावा? आमच्या मते बाजारात 8 ते 12 किलोमीटर. थोड्या सरावाने या वेगाला डोलणं आटोक्यात येतं. सायकल 5-6 च्या खाली गेली की हँडल लढायला लागतं, तेव्हा तिथे उतरावंच. उतरून चालताना सायकल आणि माणूस मिळून रस्त्याची जास्त रुंदी अडते ही तक्रार खरी आहे, पण चालणारा माणूस पावलाभरात थांबतो. घंटी अगदी जवळ जाऊन वाजवू नये. दचकलेला माणूस कोणत्या बाजूला उडी मारेल ते त्यालाही माहीत नसतं. ऐकून, वळून पाहून, बाजूला व्हायला त्याला तीनेक सेकंद लागतात. म्हणून मागून जाताना सात-आठ सायकली एकामागे एक मावतील एवढ्या अंतरावरून एकदा वाजवावी आणि तो कुठे सरकतो ते पाहावं.

हळू चालवायचा सराव मात्र शाळेने करून घ्यायला हवा. नुसतं "हळू चालवा" म्हणून भागत नाही. मैदानावर फक्कीने दोन रेषा मारा, मीटरभर अंतराच्या आणि 20 मीटर लांबीच्या. त्या पट्टीतून न बाहेर जाता 7 सेकंदांत जायचं, म्हणजे वेग ताशी 10 होतो. तेच अंतर पुढे 9 सेकंदांत, मग 12 सेकंदांत. दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजताच थांबायचं आणि शिट्टीच्या जागेपासून पुढच्या चाकापर्यंत टेप धरायची. आधी नुसत्या मागच्या ब्रेकने, मग दोन्हींनी. पुढचा ब्रेक सुटलेल्या सायकली त्याच दिवशी कळतील.

तास संपत आला तेव्हा तीच मुलगी उठली. "सर, आम्हांला सांगता, पण मोटरसायकलवाल्यांचं काय?" आम्ही तिच्या हाती खडू दिला. तिने ताशी 40 किलोमीटर धरले, सेकंदाला 11.1 मीटर. विचाराचे 11.1 मीटर. ब्रेकचं मंदन किती धरू, असं तिने विचारलं. आम्ही 5 म्हटलं. 12.3 आले. बेरीज 23.4. मुख्याध्यापक खिडकीपाशी उभे होते. ते फाटकापासून समोरच्या चहाच्या टपरीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजायला बाहेर गेले, आणि त्यांच्या मागोमाग अर्धा वर्गही.