बाकी वाचावी खालून वर

शाळेत वृत्ते शिकताना ‘यमाताराजभानसलगा’ आपणही घोकले असेल. त्यात तीन-तीन अक्षरांचे आठ गण दडले आहेत. आठच का? प्रत्येक जागी लघु किंवा गुरू, दोनच पर्याय, जागा तीन. म्हणून २×२×२. एवढे पटले की द्विमान पद्धती, म्हणजे बायनरी, निम्मी समजली.

आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत एकक, दशक, शतक ही घरे दहापटीने वाढतात. द्विमानात ती दुपटीने वाढतात: १, २, ४, ८. अंक फक्त ० आणि १.

आता १३ लिहून पाहू. १३ ला २ ने भागले की भागाकार ६, बाकी १. मग ६ ला: भागाकार ३, बाकी ०. मग ३ ला: भागाकार १, बाकी १.

बरेच जण इथेच थांबतात. पण त्या उरलेल्या १ लाही भागायचे आहे: भागाकार ०, बाकी १.

आता बाक्या खालून वर वाचायच्या: ११०१. वरून खाली वाचल्या तर १०११ येते, म्हणजे ११. चुकीचे उत्तरही दिसायला बरोबरच दिसते, म्हणून पडताळा घ्यावाच: ८+४+०+१=१३.

प्राचीन छंदशास्त्रकार पिंगलाच्या छंदःशास्त्रातली ‘नष्ट’ नावाची रीत याचीच जुनी बहीण. म, य, र, स, त, ज, भ, न या क्रमातला सातवा गण कसा असतो, हे विसरलो असे समजू. ७ विषम, एक मिळवून निम्मे केले की ४, लिहायचा गुरू. ४ सम, निम्मे २, लिहायचा लघु. २ चे निम्मे १, पुन्हा लघु. गुरू-लघु-लघु, म्हणजे भ गण. विषमात एक मिळवायचा राहिला की सगळे फसते.

गुरूला ० आणि लघूला १ मानून हे उलटे वाचले तर ११०, म्हणजे ६ येतात; ७ नव्हे. कारण ही मोजणी १ पासून सुरू होते, द्विमानाची ० पासून.

पिंगलाने संगणक शोधला, असे मेसेज फिरतात. मला ते पटत नाही. तो वृत्ते मोजत होता, बेरजा करत नव्हता. ० आणि १ वापरून बेरीज-गुणाकार कसे करावेत, हे गणितज्ञ लायब्निझने १७०३ च्या लेखात मांडले. १+१ झाले की ० लिहायचा, हातचा १.

या ० आणि १ ची विजेशी गाठ पडली ती १९३७ मध्ये. क्लॉड शॅननने आपल्या प्रबंधात रिलेंच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या, जोडण्यांना जॉर्ज बूलचे बीजगणित लावले. गंमत म्हणजे त्याने वीज अडली तर १ आणि वाहिली तर ० धरला होता, आजच्या बरोबर उलट.