जालक-संक्रमण, द्रायू-संरचना परस्परक्रियेतील

द्रायू (द्रव वा वायू) आणि त्याच्या संपर्कातील लवचिक संरचना यांच्या परस्परक्रियेचे गणित संगणकावर करताना, दोहोंच्या सामाईक पृष्ठावरील न जुळणाऱ्या जालकांमध्ये बल व स्थानांतरण यांच्या मूल्यांची जी देवघेव करावी लागते, तीस जालक-संक्रमण म्हणतात. विमानाचे पंख, झुलते पूल, पवनचक्कीची पाती, हृदयाच्या झडपा इत्यादींच्या अभ्यासात तिची गरज भासते.

जालक म्हणजे गणितासाठी क्षेत्राचे ज्या लहान घटकांत विभाजन करतात त्यांची जाळी. पंखालगतच्या हवेचा वेग अत्यल्प अंतरात झपाट्याने बदलतो, म्हणून हवेचे जालक तेथे फार सूक्ष्म घ्यावे लागते. पंखाचे वाकणे मात्र विरळ जालकानेही पुरेसे कळते. शिवाय संरचना पुष्कळदा केवळ तुळया व पत्रे यांनी दर्शविलेली असल्याने दोन पृष्ठे एकमेकांवर बसतही नाहीत.

निकटतम बिंदूला मूल्य देणे ही सर्वांत सोपी रीत होय; पण ती फसवी आहे. समजा, संरचनेचे अ व आ हे संधिबिंदू १ मी. अंतरावर असून ते अनुक्रमे ४ व ८ मिमी. सरकले. अ पासून ०·२५ मी. वरील हवेचा बिंदू प्रमाणशीर अंतर्वेशनाने ५ मिमी. सरकेल. तेथे १०० न्यूटन बल असल्यास हवेने केलेले कार्य ०·५ जूल होईल. ते सर्व बल निकटच्या अ ला दिले, तर एकूण बल कायम राहते; परंतु संरचनेला ०·४ जूलच मिळतात व बलाचे परिबलही बदलते. ७५ न्यूटन अ ला व २५ न्यूटन आ ला दिल्यास मात्र दोन्ही हिशेब जुळतात. म्हणजेच स्थानांतरणासाठी जे गुणांक वापरले, तेच उलट दिशेने बलासाठी वापरले पाहिजेत. आव्यूहांच्या भाषेत, दुसरा आव्यूह हा पहिल्याचा परिवर्त असतो.

हा तपशील क्षुल्लक नव्हे. पंखाची फडफड हवेकडून मिळणारी ऊर्जा व अवमंदनात खर्च होणारी ऊर्जा यांच्या अल्प फरकावर अवलंबून असते. संक्रमणात प्रत्येक आंदोलनागणिक थोडी ऊर्जा खोटी निर्माण झाली वा हरवली, तर फडफड सुरू होण्याचा वेग चुकीचा निघतो. हरवलेली ऊर्जा अधिक घातक. कारण मग धोक्याचा वेगही सुरक्षित भासतो.

आर. एल. हार्डर व आर. एन. डेस्मराइस यांनी १९७२ मध्ये अनंत विस्ताराच्या पातळ पट्टिकेच्या वाकण्यावर आधारलेली अंतर्वेशन पद्धती मांडली. शार्बेल फरहात व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ऊर्जेची अक्षय्यता राखणाऱ्या संक्रमणाचे विवेचन केले. तथापि संरचनेचे जालक हवेच्या जालकापेक्षा सूक्ष्म असल्यास परिवर्ताची रीत काही संधिबिंदूंना बलच देत नाही, आणि दाब करवतीसारखा दातेरी दिसतो. अशा वेळी बिंदूंऐवजी घटकांच्या क्षेत्रफळावर समाकलन करून मूल्ये जुळवितात. त्यासाठी दोन जालकांच्या घटकांचे परस्परछेद शोधावे लागतात व वक्र पृष्ठावर हे काम बरेच किचकट ठरते.