पेलाग्राचा शोध आणि प्रयोगाची कसोटी

एखादा रोग गरिबांच्याच घरी वारंवार येऊ लागला, की त्याचा दोष बहुधा गरिबांच्याच माथी मारला जातो. त्यांची अस्वच्छता, त्यांचे रक्त, त्यांचे नशीब अशी कारणे सांगणारे पुष्कळ निघतात. ती तपासून पाहणारा एखादाच. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा या रोगाच्या बाबतीत नेमके हेच घडले.

या रोगात उन्हाला उघडी राहणारी कातडी भाजल्यासारखी होऊन सोलून निघे, हगवण लागे, बुद्धिभ्रम होई आणि पुष्कळदा शेवट मृत्यूत होई. कापसाच्या शेतात खपणारी कुळे, कापडगिरण्यांतील मजूर, अनाथ मुले आणि वेड्यांच्या इस्पितळांतील रोगी हे त्याचे मुख्य भक्ष्य. काही विद्वानांनी तो सांसर्गिक ठरविला, तर काहींनी आनुवंशिक.

१९१४ साली सरकारी आरोग्यखात्याने या रोगाचे काम डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे सोपविले. १८७४ साली हंगेरीत जन्मलेले गोल्डबर्गर बालपणीच आईबापांसह न्यूयॉर्कला आले होते. तेथे त्यांचे घर लहानशा किराणा दुकानावर चाले. देशांतर आणि गरिबी ही दोन्ही त्यांनी जवळून पाहिली होती.

त्यांनी प्रथम केले ते निरीक्षण. इस्पितळांत रोग्यांना पेलाग्रा होई. परंतु दिवसरात्र त्यांच्या सहवासात वावरणाऱ्या परिचारिकांना व नोकरांना तो होत नसे. संसर्गजन्य रोग असा पंक्तिभेद कसा करील? भेद होता तो ताटात. रोग्यांच्या वाट्याला मुख्यतः मका, काकवी व डुकराची चरबी येई. नोकरांना दूध आणि मांसही मिळे. यावरून त्यांनी तर्क बांधला, की रोगाचे मूळ आहारातील उणिवेत असावे.

परंतु तर्क कितीही सुंदर असला तरी तो सिद्धान्त नव्हे. मिसिसिपीतील जॅक्सन शहरी दोन अनाथाश्रमांत १९१४ साली पेलाग्राची दोनशेहून अधिक मुले आढळली होती. त्यांच्या जेवणात दूध, अंडी, मांस व कडधान्ये वाढविण्यात आली. पुढील वर्षी रोग जवळजवळ नाहीसा झाला. तरीही शंकेखोर म्हणू शकला असता, की रोग आपोआपच ओसरला असेल. म्हणून जॉर्जियातील मिलेजव्हिलच्या वेड्यांच्या इस्पितळात तुलनेची सोय ठेवण्यात आली. पूर्वी पेलाग्रा होऊन गेलेल्या ७२ रोग्यांना सुधारलेला आहार मिळाला. त्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. त्याच संस्थेतील ३२ रोगी जुन्याच आहारावर होते. त्यांपैकी १५ जणांना तो उलटला. जागा तीच, ऋतू तोच, फरक फक्त अन्नाचा. उत्तम प्रयोगाचे मर्म या एका वाक्यात आहे.

पुढे प्रश्न उलटा विचारण्यात आला. चांगल्या अन्नाने रोग जातो, तर निकृष्ट अन्नाने तो येतो काय? १९१५ साली मिसिसिपीतील रँकिन येथील तुरुंगाच्या शेतावर माफीच्या अटीवर बारा कैदी पुढे आले. शेवटपर्यंत राहिलेल्या ११ जणांपैकी ६ जणांना काही महिन्यांत पेलाग्रा झाला. नेहमीचे अन्न खाणाऱ्या इतर कैद्यांत एकालाही झाला नाही. अर्थात सुटकेची आशा दाखवून मिळविलेली संमती खरोखर मोकळी म्हणता येईल काय, हा प्रश्न उरतोच. असा प्रयोग आज मान्य होणार नाही. प्रयोगाची कसोटी केवळ निष्कर्षाची नसते, माणुसकीचीही असते.

तरी संसर्गवादी गप्प बसेनात. तेव्हा १९१६ साली गोल्डबर्गर, त्यांच्या पत्नी मेरी व सहकारी अशा १६ जणांनी रोग्यांचे रक्त टोचून घेतले किंवा त्यांची मलमूत्रे व कातडीच्या खपल्या पोटात घेतल्या. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. स्वतःचे मत खोटे ठरण्याची पूर्ण संधी त्यांनी निसर्गाला दिली, आणि तीही स्वतःच्या देहावर.

त्यानंतर दक्षिण कॅरोलिनातील गिरणीगावांत एडगर सायडनस्ट्रिकर यांच्यासह घरोघर चौकशी झाली. ज्या घराची मिळकत कमी, तेथे पेलाग्रा अधिक, असे दिसून आले. दोष मजुराच्या रक्ताचा नव्हता, त्याच्या मजुरीचा होता. आहारातील उणीव नेमकी कोणती, हे मात्र गोल्डबर्गर यांच्या हयातीत कळले नाही. १९२९ साली ते निवर्तले. १९३७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी दाखवून दिले, की निकोटिनिक आम्लाने कुत्र्यांमधील तत्सम रोग बरा होतो. हेच आज नियासिन या नावाने ओळखले जाणारे जीवनसत्त्व होय. मक्यात ते असते, परंतु अशा बद्ध रूपात की शरीराला पुरेसे लाभत नाही. चुन्याच्या पाण्यात मका शिजवून घेण्याच्या मेक्सिकोतील जुन्या रीतीने ते मोकळे होते.

हा विषय मराठी माणसाच्या भाकरीपासूनही दूर नाही. हैदराबादचे डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली दाखवून दिले, की ज्वारीवरच भिस्त ठेवणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळतो. दोष भाकरीचा नव्हे. तिच्या जोडीला डाळ, दूध, भाजी नसण्याचा होय.

गिरमिटावर साता समुद्रांपार गेलेल्या मजुरांना मापून शिधा मिळे. त्यांच्या वंशजांना या कथेचा अर्थ वेगळा सांगावयास नको. मुलांच्या हाती मात्र त्यांनी चार प्रश्न अवश्य द्यावेत: प्रत्यक्ष काय पाहिले? तुलना कशाशी केली? बाकीचे सारे सारखे होते काय? आणि आपले म्हणणे खोटे असते, तर ते कशावरून कळले असते? हे प्रश्न विचारणाऱ्या घरात गरिबाला दोष देण्यापूर्वी त्याचे ताट पाहिले जाईल.