जखमांची भेट

पूर्वायुष्यात मोठा आघात सोसलेली दोन माणसे एकत्र येतात, अशा अनेक प्रेमकथा आपण वाचतो. दोघांच्याही मनात काहीतरी दडलेले असते. ते उघड झाले तर समोरची व्यक्ती थांबेल की निघून जाईल, या एका प्रश्नाभोवती वाचकाची उत्कंठा फिरत राहते. अशी जखमी माणसे एकमेकांच्या सोबतीने खरोखर बरी होतात काय? होत असल्यास कशी? हे समजून घेण्यासाठी प्रथम एका आमराईत जाऊ आणि मग माणसांच्या एका वसाहतीत.

मलिहाबादची आमराई

उत्तर प्रदेशातील लखनौ जिल्ह्यात मलिहाबाद हे गाव आहे. दशहरी आंब्यासाठी ते देशभर ओळखले जाते. येथील कलीमुल्ला खान यांची शाळा सातवीतच सुटली. परंतु कलमे बांधण्याच्या विद्येत ते पारंगत झाले. त्यांनी एकाच झाडावर ३०० हून अधिक जातींचे आंबे वाढवले. या कार्याबद्दल २००८ साली त्यांना पद्मश्री हा किताब देण्यात आला.

कलम बांधण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी एका जुन्या पद्धतीला मराठीत ‘भेट कलम’ असे सुंदर नाव आहे. या पद्धतीत कुंडीतील रोप चांगल्या जातीच्या झाडाच्या फांदीजवळ आणतात. रोपाची आणि फांदीची साल थोड्या लाकडासह तासतात. म्हणजे जखम दोघांनाही होते. मग त्या दोन जखमा समोरासमोर जुळवून घट्ट बांधतात. सालीखालच्या वाढीच्या थरातून दोन्ही बाजूंनी नव्या पेशी येतात, मधली फट भरते आणि दोन झाडांचा रस एकमेकांत वाहू लागतो.

या कामात तीन गोष्टी महत्त्वाच्या असतात. पहिली, जखम स्वच्छ आणि उघडी असावी लागते. मध्ये साल राहिली तर सांधा जुळत नाही. दुसरी, सांधा जुळेपर्यंत रोप आपल्या मुळांवर आणि फांदी आपल्या झाडावर जगत असते. घाईने तोडल्यास दोन्हींची हानी होते. तिसरी, काम झाल्यावर बांधलेली पट्टी सोडावी लागते. नाहीतर तीच पट्टी वाढत्या खोडाला काचते. सांधा जुळला की नाही, हे कळण्यासाठी मात्र माळ्याला दोन-तीन महिने वाट पाहावी लागते.

आनंदवनातील माणसे

झाडाला भूतकाळ आठवत नाही, माणसाला आठवतो. म्हणून माणसांची जखम भरणे अधिक कठीण असते. कुष्ठरोगाचे उदाहरण घेऊ. हा रोग जंतूंमुळे होतो, हे नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली दाखवून दिले. तरीही लोक त्याला पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानत राहिले. या रोगात मज्जातंतू दुखावतात आणि त्वचा बधिर होते. हात भाजला तरी समजत नाही. त्याहून मोठी जखम समाज करत असे. अंगावरचा एक बधिर चट्टा लपवताना कितीतरी स्त्री-पुरुषांनी घरातही भीतीने दिवस काढले. विवाहविषयक कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते २०१९ साली वगळण्यात आले.

या भीतीचा अनुभव बाबा आमटे यांनीही घेतला होता. एका पावसाळी रात्री तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण मरणासन्न अवस्थेत त्यांना दिसला आणि ते घाबरून पळाले. त्या पळण्याची लाज त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत आले आणि त्यांनी त्याची शुश्रूषा केली. पुढे १९४९ साली बाबा आणि त्यांच्या पत्नी साधनाताई यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या ओसाड जमिनीवर आनंदवन उभे करण्यास प्रारंभ केला.

तेथे रुग्णांना भिक्षा दिली गेली नाही. काम दिले गेले. त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, घरे बांधली, हातमाग चालवले. घरातून हाकलले गेलेले स्त्री-पुरुष स्वतःच्या श्रमावर उभे राहिले. पुढे त्यांच्यातील अनेकांनी परस्परांशी विवाह केले. येथे व्रण लपवण्याचे कारण उरले नव्हते, कारण समोरच्याच्या हातावरही तेच व्रण होते. एकाच्या बधिर हाताला चटका बसला तर तो दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसे.

साम्य कोठे आहे?

आता भेट कलमाच्या तीन गोष्टी पुन्हा आठवा. आनंदवनात जखम उघडी होती. तिच्यावर खोटेपणाची साल नव्हती. प्रत्येकाला प्रथम कामाच्या रूपाने स्वतःची मुळे मिळाली आणि नंतर सोबत मिळाली. तिथला आधारही माणसाला परावलंबी करणारा नव्हता.

दुखावलेल्या माणसाला पुष्कळदा वाटते, की कोणीतरी येईल आणि आपल्याला वाचवील. अनेक कथाही तसेच सुचवतात. परंतु एकाने दुसऱ्याचा सारा भार वाहायचा ठरवले, तर दोघेही खचण्याची भीती असते. औषधाचे काम औषधानेच होते, तेही सोबतीवर सोपवता येत नाही. सोबत वेगळे काम करते. ती भीती कमी करते आणि विश्वासाला वेळ देते.

कलम जुळलेल्या झाडावर सांध्याची खूण पुढेही दिसते. झाड मात्र त्या खुणेच्या वर वाढते आणि फळ देते.

विचार करा आणि लिहा

१. भेट कलम यशस्वी होण्यासाठी कोणत्या तीन गोष्टी आवश्यक आहेत?
२. आनंदवनात भिक्षेऐवजी काम देण्याचा काय परिणाम झाला?
३. दुसऱ्याला आधार देणे आणि दुसऱ्याचा सारा भार वाहणे यांतील फरक तुमच्या अनुभवातील उदाहरणाने स्पष्ट करा.